नंबरातली चांदणी म्हणजे खोटी नोट नव्हे

"नंबरात चांदणी हाय, नोट खोटी हाय," असं म्हणत मोंढ्यात सोयाबीनच्या पट्टीतली पाचशेची नोट परत केली जाते. हा समज साफ चुकीचा आहे. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी शंभर नोटांच्या बंडलात जी बदली नोट घालतात, तिच्या नंबरात अक्षर आणि आकडे यांच्यामध्ये चांदणी छापतात. ही पद्धत 2006 पासूनची. पाचशेवर चांदणी 2016 मध्ये आली आणि 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं ती वैध असल्याचा खुलासाही केला. अस्सलपणा तपासायचा तर नोट तिरपी करा: हिरवा धागा निळा दिसतो. कडेच्या पाच उठावदार रेघा बोटांना लागतात. कमी दिसणाऱ्या आजीलाही त्या कळतात. घामाचे पैसे चांदणीपायी नाकारू नका.