चिनी चित्रांतली क्रांती : सावली कोणाच्या वाट्याला?

तारा, मशाल, मूठ, सूर्यफूल ही चिन्हे सगळ्यांच्या ओळखीची आहेत. पण चिनी चित्रात क्रांती शोधायची तर आधी उजेड कुठून येतो आणि सावली कोणावर पडते, हे पाहावे लागते.

१९३१ साली शांघायमध्ये नव्या वुडकटचे (लाकडी ठशावर कोरून छापलेल्या चित्रांचे) शिक्षण सुरू झाले तेव्हा नमुने युरोपीय होते : काळ्यावर भर, प्रकाश एका बाजूने. कम्युनिस्टांचा तळ असलेल्या येनानच्या खेड्यांत ही चित्रे अडली. माणसाचा अर्धा चेहरा काळा का, हे शेतकऱ्यांना पटेना. मग कलाकारांनी गालावरची सावली कोरून काढली, फक्त बाह्यरेषा ठेवली आणि घरोघरी लावल्या जाणाऱ्या नववर्षाच्या चित्रांची धाटणी उचलली.

१९५३ च्या ‘राष्ट्रस्थापना सोहळा’ या तैलचित्रात तेच लख्खपण चार मीटर रुंदीच्या कॅनव्हासवर आले. पेकिंगच्या तिआनआनमेन या दरवाजाचा सज्जा, लाल कंदील, खाली झेंड्यांचा समुद्र. अध्यक्ष माओंसमोर जागा मोकळी राहावी म्हणून चित्रकाराने प्रत्यक्षात असलेला एक खांब गाळला. बांधकामाच्या दृष्टीने ही चूक, चित्राच्या दृष्टीने अचूक निर्णय. खांब असता तर अध्यक्ष आणि जनता यांच्यामध्ये भिंतच उभी राहिली असती.

खांबावरची चर्चा लवकर मिटली, माणसांवरची मिटली नाही. १९५४ मध्ये एक नेता पदच्युत झाला, तेव्हा त्याला पुसून पायाशी असलेली गुलाबी शेवंती वाढवावी लागली. १९६६ ला सुरू झालेल्या माओंच्या सांस्कृतिक क्रांतीत दुसऱ्याच्या जागी वेगळाच चेहरा आला. १९७२ मध्ये तिसऱ्याला काढायचा हुकूम निघाला तेव्हा चित्रकार मरणपंथाला लागला होता, म्हणून इतरांनी अख्ख्या चित्राची नक्कल केली. पुढे वगळलेले नेते परतले तेही या नकलेतच. तैलरंगावर पुन्हा पुन्हा रंग चढवला की थर जाड होतो, पोत बदलतो. मूळ कॅनव्हासने आधीचे बदल सोसले होते. चित्रकाराशी हा अन्यायच होता.

१९६६ नंतर ‘लाल, उजळ, चकचकीत’ हे सूत्र पक्के झाले. नायकाच्या त्वचेत निळी-हिरवी छटा नको, सावलीतही तांबूस रंग हवा, ब्रशचे फटकारे दिसता कामा नयेत. थंड रंग शत्रूच्या वाट्याला. ‘अध्यक्ष माओ आनयुआनला जातात’ (१९६७) या चित्रात क्षितिज खाली ठेवल्याने तरुण माओ डोंगरांपेक्षा उंच दिसतो. एक मूठ आवळलेली, काखेत जुनी छत्री. आनयुआनच्या कोळसा खाणीतल्या १९२२ च्या संपाचे श्रेय १९६१ च्या एका चित्राने दुसऱ्या नेत्याला दिले होते. ते चित्र धिक्कारले गेले. काळी शाई तर संशयितच : १९७४ मध्ये पेकिंगमध्ये ‘काळ्या चित्रां’चे निंदाप्रदर्शन भरले, त्यात एक डोळा मिटलेल्या घुबडावरही ठपका आला.

१९८० च्या ‘वडील’ या चित्राने सावली परत आणली. नेत्यांच्या तसबिरींसाठी राखलेल्या भव्य आकारात एका गरीब शेतकऱ्याचा चेहरा, प्रत्येक सुरकुती खोल, घामाचे थेंब स्पष्ट. हा नव्या समाजातला शेतकरी वाटावा म्हणून वरून आलेल्या सूचनेनुसार त्याच्या कानामागे बॉलपेन रंगवावे लागले.

१९९० पासून नव्या चित्रांत जुन्या पोस्टरांतले कामगार, शेतकरी, सैनिक कोका-कोलाच्या नावाशेजारी उभे राहिले. सपाट लाल-पिवळा रंग आणि जाड बाह्यरेषा तशीच, गालावर सावली अजूनही नाही.