मुंबईतून अग्निवीर भरती: पात्रता, कागदपत्रं आणि चार वर्षांचा हिशेब

"आर्मीत जायचं ठरलंय" असं मुलगा म्हणाला की घरच्यांना जुनी फौज आठवते: पंधरा-सतरा वर्षांची नोकरी आणि मग पेन्शन. आता जवानाची भरती होते ती १४ जून २०२२ ला जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतून, आणि ती चार वर्षांची असते. पुढे कायम होतात ते बॅचमधले जास्तीत जास्त २५ टक्के.

म्हणून फॉर्म भरण्याआधी आईवडिलांना बसवून हिशेब मांडा. पगार पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवा निधीसाठी कापले जातात, म्हणजे हातात २१,००० ते २८,००० येतात, भत्ते वेगळे. कापलेल्या पैशाइतकीच भर सरकार घालतं. चार वर्षांनी साधारण १०.०४ लाख आणि त्यावरचं व्याज मिळतं, तेही करमुक्त. सेवेत असताना ४८ लाखांचा विमा असतो आणि त्याचा हप्ता तुम्हाला भरावा लागत नाही. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. दहावीवर गेलेल्याला सेवेत असताना बारावीचं प्रमाणपत्र मिळवता येतं; ते मिळवाच, कारण पाचव्या वर्षी त्याचीच गरज लागणार आहे. माझ्या मते बाविशी-पंचविशीत हाताशी दहा लाख असणं वाईट नाही, फक्त "त्यानंतर काय?" याचं उत्तर आजच तयार असावं. मुलगा अठराच्या आतला असेल तर नोंदणी अर्जावर पालकांची सही लागते, त्यामुळे घरच्यांना अंधारात ठेवून हे होणार नाही.

पात्रता

योजनेत वयाची अट साडेसतरा ते एकवीस अशी ठरली. पण दरवर्षीच्या अधिसूचनेत 'या तारखेपासून या तारखेपर्यंत जन्मलेले' अशी नेमकी चौकट दिलेली असते, तीच खरी धरा. उमेदवार अविवाहित हवा.

जनरल ड्यूटीसाठी, म्हणजे साध्या जवानाच्या जागेसाठी, दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ हवेत. क्लार्क-स्टोअरकीपरसाठी बारावी कुठल्याही शाखेतून चालते, पण एकूण ६० आणि प्रत्येक विषयात ५० टक्के पाहिजेत. टेक्निकलला बारावी सायन्स किंवा दहावीनंतर आयटीआय-डिप्लोमा लागतो. ट्रेड्समनमध्ये (स्वयंपाकी, न्हावी अशा जागा) काही कामांना आठवी पासही चालतं. महाराष्ट्रातल्या उमेदवारासाठी जनरल ड्यूटीची उंची १६८ सेंमी आहे, छाती ७७ आणि फुगवून ५ जास्त. मुलींसाठी मिलिटरी पोलिसात जागा निघतात, तिथे उंची १६२ सेंमी.

टॅटूचं आधीच पाहून घ्या. कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढ्यावरच तो चालतो. आदिवासी समाजांना परंपरेनुसार सूट आहे. दंडावर गोंदवून घेतलेला वाघ इथे नडतो.

अर्ज आणि परीक्षा

अर्ज 'जॉइन इंडियन आर्मी' या सरकारी संकेतस्थळावरच भरायचा. गेली काही वर्षं तो फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडतोय. शुल्क २५० रुपये. २०२३ पासून ऑनलाइन लेखी परीक्षा आधी आणि मैदान नंतर, असा क्रम आहे. जनरल ड्यूटीला ५० प्रश्न, १०० गुण, एक तास. चुकीच्या उत्तराला अर्धा गुण जातो. २०२५ पासून पेपर मराठीतूनही देता येतो.

कागदपत्रं

मैदानावर घाम गाळणारी पोरं अडकतात ती इथे. मुंबईत तर जास्तच.

पहिला घोळ नावाचा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं आणि आईचं नाव वेगळं छापलेलं असतं. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी, आणि स्पेलिंग ज्यानं टाइप केलं त्याच्या मर्जीचं. अर्जात दहावीच्या गुणपत्रिकेवरचीच नावं आणि जन्मतारीख टाका, आणि आधार दुरुस्ती अर्ज उघडायच्या आधी उरका. आईच्या नावात एका कागदावर 'सुनिता' आणि दुसऱ्यावर 'सुनीता' असेल तर तेही आत्ताच बघा.

दुसरा घोळ गावाचा. लालबाग-परळच्या कित्येक घरांचं मूळ साताऱ्यात, कोल्हापुरात नाहीतर रत्नागिरीत. तुमचं भरती कार्यालय डोमिसाइलच्या जिल्ह्यावरून ठरतं. मुंबई आणि ठाण्याच्या उमेदवारांना मुंबईचं कार्यालय. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे कोल्हापूर कार्यालयाकडे. रेशनकार्ड गावचं आणि शाळा मुंबईची, अशी खिचडी असेल तर अर्जात जिल्हा निवडण्याआधीच सोडवा. डोमिसाइल 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतं. राज्यात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. उपनगरवाल्यांना अंधेरी, बोरिवली, कुर्ला यांपैकी आपला तालुका कोणता ते माहीत हवं.

तिसरा घोळ सहीचा. चारित्र्याच्या आणि अविवाहित असल्याच्या दाखल्यावर गावात सरपंच सही करतो. मुंबईत सरपंच कुठून आणणार? मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर बराच काळ नगरसेवकही नव्हते. म्हणून त्या वर्षीच्या अधिसूचनेत कोणाची सही चालते ते वाचूनच कोणाच्या दारात जायचं ते ठरवा. अविवाहित दाखल्यावर फोटो लागतो. प्रतिज्ञापत्राचा मजकूर अधिसूचनेच्या शेवटी दिलेला असतो. नोटरीकडे तोच शब्दन् शब्द न्या.

याशिवाय शाळेचा चारित्र्य दाखला, जातीचा दाखला (सैन्यभरतीत जातीनुसार आरक्षण नाही, तरी कागद मागतात), आधार, पॅन, बँक खातं आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचे ताजे रंगीत फोटो. फोटो भरपूर काढा, वीसेक लागतात. एनसीसी किंवा खेळाची प्रमाणपत्रं असतील तर बोनस गुण मिळतात. सगळ्याच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स दोन्ही न्यायच्या.

मैदान

सोळाशे मीटर ५ मिनिटं ३० सेकंदांत संपवले तर पूर्ण ६० गुण, दहा बीमला (पुल-अप्सना) ४०. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स फक्त पार करायचे. मग वैद्यकीय तपासणी. तिला जाण्याआधी कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या.

चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो. तेव्हा डोमिसाइल आणि आधारचं काम आजच सुरू करा, आणि हे दोन दाखले मैदानाची तारीख कळल्यावर काढा.