घरावर सोलर बसवताना: अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं (सोलापूर जिल्ह्यातल्या गावांसाठी)

अर्ज भरायच्या आधी महावितरणचं वीजबिल काढून बसा. वर्षभराच्या वापराचे आकडे मिळवा आणि बाराने भागा. किती किलोवॉटचा संच घ्यायचा, ते या सरासरीवर ठरवायचं, अनुदानाच्या आकड्यावर नाही. आपल्याकडे १ किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण १२० युनिट वीज तयार होते. दोन पंखे, चार-पाच एलईडी बल्ब, टीव्ही आणि लहान फ्रिज एवढंच असलेलं घर ८० ते १०० युनिटांत भागतं. त्याला १ किलोवॉट पुरतो. कूलर, गीझर किंवा घरगुती मीटरवर बोअरची मोटर असेल तर २ किलोवॉट घ्या. त्याहून मोठा संच फक्त ७८,००० रुपये अनुदान मिळतंय म्हणून घेऊ नका.

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत केंद्राचं अनुदान १ किलोवॉटला ३०,०००, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये आहे. म्हणजे तिसऱ्या किलोवॉटला १८,००० मिळतात आणि पुढच्या क्षमतेला काहीच नाही.

महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांसाठी राज्याची ‘स्मार्ट’ योजना आहे. त्यात १ किलोवॉटच्या संचाला केंद्राच्या पैशांवर राज्याचीही भर पडते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला स्वतःचे २,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला ५,००० आणि इतरांना १०,००० रुपये भरावे लागतात. लहान बिलाच्या घरांनी आधी हीच योजना बघावी. पहिल्या १०० युनिटांचा दर मुळात कमी असतो, त्यामुळे संपूर्ण खर्च खिशातून केला तर तो वसूल व्हायला बरीच वर्षं जातात.

पात्रतेच्या अटी थोड्या आहेत. घर आणि छत स्वतःचं हवं, जोडणी घरगुती हवी, थकबाकी नको आणि आधी सोलर पॅनेलसाठी दुसरं अनुदान घेतलेलं नको. पिठाच्या गिरणीचं मीटर इथे चालत नाही. शेतीपंपासाठी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही वेगळी योजना आहे.

गावात अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा नावावर. बिल आजोबांच्या नावावर, नमुना ८ चा उतारा (घराची ग्रामपंचायतीतली नोंद) वडिलांच्या नावावर आणि बँक खातं मुलाचं. बिलावरच्या ग्राहकाच्या खात्यातच अनुदान येतं, म्हणून आधी महावितरणकडे नावबदल करून घ्या. त्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचं संमतिपत्र जवळ ठेवा. स्पेलिंगही तपासा. बिलावर एक आडनाव आणि आधारवर दुसरं असेल तर सोलर बसवून झाल्यावर पैसे थांबतात आणि तेव्हा दुरुस्ती जास्त जड जाते.

बाकी कागद: ताजं वीजबिल, आधार, पासबुकचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक, नमुना ८ आणि चालू मोबाइल नंबर. कर्ज हवं असेल तर पॅनही लागेल. ३ किलोवॉटपर्यंतच्या संचाला २ लाखांपर्यंतचं विनातारण कर्ज जनसमर्थ पोर्टलवरून मागता येतं.

नोंदणी पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर करायची. राज्य, जिल्हा आणि महावितरण निवडून बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकायचा. मंजूर भार (बिलावर लिहिलेली जोडणीची क्षमता) कमी आहे म्हणून घाबरू नका. १० किलोवॉटपर्यंत तांत्रिक तपासणीविना मंजुरी मिळते आणि भार वाढवून देणं हे वीज कंपनीचं काम आहे. मग पोर्टलवरच्या यादीतला विक्रेता निवडायचा. करारात पाच वर्षांची देखभाल लिहिलेली आहे का आणि पॅनेल ‘डीसीआर’ म्हणजे देशी सेलचे आहेत का, हे बघूनच सही करा. डीसीआर नसलेल्या पॅनेलला अनुदान नाही. बसवताना पॅनेलवरचे सिरीयल नंबर स्वतः लिहून घ्या.

छताला १ किलोवॉटसाठी साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा हवी. माळवदाच्या घरावर सांगाड्याचे पाय पक्के बसत नाहीत, स्लॅब लागतो. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून १५ ते १८ अंशांच्या उतारावर बसवायचे. पाण्याची टाकी दक्षिणेला असेल तर मोजून घ्या: डिसेंबरात ऐन दुपारी ४ फूट उंच टाकीची सावली उत्तरेला साडेतीन फूट पडते, आणि सकाळी नऊला त्याच्या दुपटीहून लांब जाते. एका पॅनेलच्या कोपऱ्यावरची सावलीही ओळीतल्या सगळ्या पॅनेलचं उत्पादन खाली ओढू शकते. कडब्याची गंजी लागून असेल तर ती हलवा. सावलीचा प्रश्न आहेच, शिवाय वायर तापली तर आग लागू शकते.

काम झाल्यावर महावितरण तपासणी करून नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं) बसवतं. पोर्टलवर संच सुरू झाल्याची नोंद आली की बँकेचा तपशील भरून अनुदानाची मागणी करायची. ही शेवटची पायरी अनेकजण विसरतात.

बिल पूर्ण शून्य होत नाही, स्थिर आकार येतोच. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, पण मार्चअखेर हिशेब मिटतो. उरलेल्या युनिटांचा मोबदला तुम्ही विकत घेता त्या दरापेक्षा कमी असतो.

बॅटरी नसलेला संच लाइट गेली की बंद पडतो. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या माणसाला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम असा बनवलेला असतो. भारनियमनात वीज हवी असेल तर बॅटरीचा संच मागा, मात्र बॅटरीला केंद्राचं अनुदान नाही. डीपीपासून लांबच्या टोकाच्या घरात दुपारी व्होल्टेज वर-खाली होऊन इन्व्हर्टर वारंवार बंद पडतो. तसं दिसलं तर स्क्रीनवरचा व्होल्टेजचा आकडा वेळेसह टिपून ठेवा आणि तक्रारीला जोडा.

एप्रिल-मे महिन्यांत उत्पादन किंचित घटलं तर संच बिघडला असं समजू नका. २५ अंशांच्या वर दर अंशाला पॅनेलची ताकद सुमारे ०.३५ ते ०.४ टक्के कमी होते आणि आपल्या उन्हात पॅनेल ६० अंशांच्या पुढे तापतात. गाळप हंगामात कारखान्याची काजळी बसते, तेव्हा दर पंधरा दिवसांनी पहाटे पॅनेल धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर तडा जाऊ शकतो. बोअरचं क्षारयुक्त पाणी काचेवर पांढरे डाग ठेवतं, म्हणून नळाचं पाणी आणि मऊ फडकं वापरा. अर्थिंगचे खड्डे तीन असतात: डीसी (पॅनेलकडच्या विजेचा), एसी (घराकडच्या विजेचा) आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचा. मुरमाड जमिनीत ते उन्हाळ्यात कोरडे पडतात, आठवड्यातून एकदा त्यांत बादलीभर पाणी घाला.