माध्यमिक शाळेत हंगामी समुपदेशक व्हायचंय? कोकणातल्या उमेदवारांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

हायस्कुलात काउन्सिलर म्हणून लागले असं मी घरी सांगितलं, तेव्हा शेजारच्या काकींनी विचारलं, "निवडान कधी इलंस?" आमच्या कुडाळकडे काउन्सिलर म्हणजे नगरसेवक. तेव्हापासून मी 'समुपदेशक' हाच शब्द धरून आहे. अर्जात, नेमणूक पत्रात आणि पुढे अनुभव प्रमाणपत्रातही तोच शब्द यायला हवा. का, ते शेवटी सांगते, कारण त्या एका शब्दापायी माझं एक वर्ष वाया गेलंय.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. या कामासाठी एकच सरकारी पोर्टल नाही. पवित्र पोर्टल शिक्षकभरतीचं आहे, तिथे समुपदेशक शोधत बसू नका. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही लागत नाही. प्रत्येक व्यवस्थापन आपापली जाहिरात काढतं आणि पात्रताही ज्याची त्याची वेगळी असते. म्हणून "समुपदेशकाला काय शिक्षण लागतं?" असं न विचारता "कोणाच्या शाळेत?" असं आधी विचारायचं.

केंद्रीय विद्यालय

कोकणपट्टीत पनवेलचं ओएनजीसी आणि उरणजवळचं करंजा ही केंद्रीय विद्यालयं चटकन आठवतात. तिथे दरवर्षी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये कंत्राटी पदांसाठी थेट मुलाखती होतात आणि त्यांत समुपदेशकाचं पद असू शकतं. पात्रता म्हणजे मानसशास्त्रातली बी.ए. किंवा बी.एस्सी. आणि समुपदेशनाची पदविका. शाळेतल्या मुलांना शैक्षणिक किंवा करिअर मार्गदर्शन केल्याचा वर्षभराचा अनुभव किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे व्यवसाय समुपदेशक म्हणून नोंदणी असेल तर ती जमेची बाजू. जाहिरात त्या त्या शाळेच्या संकेतस्थळावर येते. अर्जाचा नमुना तिथूनच उतरवून घ्यायचा, भरायचा आणि मूळ कागदांसह ठरल्या दिवशी हजर व्हायचं.

इथे एक बारीक गोष्ट आहे. मुलाखतीत निवड झाली म्हणजे नोकरी लागली असं नव्हे. नाव पॅनेलवर जातं आणि गरज पडेल तसं बोलावणं येतं. पॅनेलच्या भरवशावर हातातलं काम सोडून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

नवोदय

सावंतवाडीजवळच्या सांगेलीचं किंवा माणगाव तालुक्यातल्या निजामपूरचं जवाहर नवोदय विद्यालय म्हणजे सहावी ते बारावीची निवासी शाळा. समुपदेशकाची कंत्राटी भरती नवोदय विद्यालय समिती करते. महाराष्ट्र तिच्या पुणे विभागीय कार्यालयाकडे येतो, म्हणून जाहिरातीसाठी नजर तिथे ठेवायची. इथली अट वरची आहे: मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. आणि शिवाय मार्गदर्शन-समुपदेशनाची एक वर्षाची पदविका. वयाची अट, अनुभव आणि मानधनाचा आकडा त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा, गेल्या वर्षीच्या फॉरवर्डवर जाऊ नका. निवासी शाळा असल्याने काम साडेपाचला संपत नाही. पहिल्यांदा घर सोडून आलेलं सहावीतलं पोर आईच्या आठवणीने रडतं ते रात्री जेवणानंतर.

खासगी शाळा

बहुतेकांना काम मिळतं ते इथे. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत माध्यमिक शाळेला समुपदेशक ठेवणं बंधनकारक आहे. २०१८ च्या उपविधींत मानसशास्त्राची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, नाहीतर बालविकासातली पदव्युत्तर पदवी, नाहीतर कोणतीही पदवी आणि करिअर मार्गदर्शन-समुपदेशनाची पदविका अशी पात्रता दिली होती.

राज्य मंडळाच्या अनुदानित शाळांचं गणित निराळं. तिथे पदं संचमान्यतेवर, म्हणजे पटसंख्येनुसार शासनाने मंजूर केलेल्या पदांच्या यादीवर चालतात आणि संचमान्यतेत समुपदेशकाला सहसा जागा नसते. त्यामुळे पगार शालार्थ या सरकारी वेतनप्रणालीतून येत नाही. संस्था आपल्या खिशातून किंवा एखाद्या देणगीदाराच्या मदतीतून मानधन देते. निधी आटला की काम थांबतं. कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीला आहे म्हणून तिथे अर्ज द्यायला जाऊ नका. मंडळ दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात फोनवर समुपदेशन करणारी माणसं नेमतं, ते काम म्हणजे नोकरी नव्हे.

खासगी शाळांत अर्ज करताना एक निकाल जवळ ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा किंवा त्याची सेवा घ्यायची आहे. त्याहून कमी पट असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. आपल्याकडच्या खेड्यांत पट घसरत चाललेत, म्हणून ही दुसरी ओळ आपल्या फार उपयोगाची. जवळच्या तीन-चार लहान शाळांना मिळून एक पत्र द्या: आठवड्यातला एकेक दिवस ठरवून येईन, भेटीमागे इतकं मानधन. जाहिरात न निघताही असं काम मिळतं. मुख्याध्यापकांना नियम ठाऊक असतो, माणूस ठाऊक नसतो.

पदविका नसेल तर एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशन पदविका बघा. वर्षभराचा अभ्यासक्रम आहे: काही महिने घरून, काही महिने केंद्रावर आणि शेवटी प्रत्यक्ष काम. महाराष्ट्राला भोपाळचं प्रादेशिक शिक्षण संस्थान पडतं. मानसशास्त्रातली एम.ए. पूर्वी इग्नूतून दूरस्थ पद्धतीने करता यायची, पण २०२५ मध्ये यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ अभ्यासक्रम बंद करायला सांगितले. वीकेंडला दोन दिवसांत 'सर्टिफाइड काउन्सिलर' करून देणाऱ्यांना मात्र पैसे देऊ नका, मुलाखतीत त्या कागदाला कोणी हात लावत नाही.

फाईल

दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), बारावी, पदवी आणि पदव्युत्तरच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदविका, आधार, पॅन, फोटो, बँक पासबुकाची प्रत आणि असतील ती अनुभव प्रमाणपत्रं. आरक्षणाचा लाभ जाहिरातीत दिला असेल तर जातीचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रीमी लेयर. अधिवासाचा दाखला मागितला तर आपले सरकार पोर्टलवरून किंवा महा ई-सेवा केंद्रातून काढता येतो. प्रती स्वसाक्षांकित चालतात. मूळ कागद मात्र बरोबर हवेतच.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं घोडं इथेच अडतं. पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र फाईलमध्ये वरच ठेवा आणि राजपत्रात नाव बदललं असेल तर त्याची प्रतही.

चारित्र्य पडताळणी आता कोणी सोडत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली घटना झाली आणि त्यानंतर राज्य शासनाने शाळेत नेमायच्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी काटेकोर केली. अर्ज ऑनलाइन होतो, पण दाखला यायला वेळ लागतो. मुलाखतीची जाहिरात निघते आणि आठवड्यात तारीख येते, म्हणून हे आधीच करून ठेवा. आणि पावसाळ्यात देवगडहून पनवेलला निघायचं असेल तर आदल्या दिवशीच निघा. रेल्वेचं जूनपासूनचं पावसाळी वेळापत्रक निराळं असतं आणि दरड कोसळली तर तेही उरत नाही.

नेमणूक पत्र वाचताना

पूर्ण वेळ की तासिका तत्त्वावर, कराराची शेवटची तारीख, गणपती-दिवाळीच्या सुट्टीत मानधन मिळणार का, हे पत्रात लिहून घ्या. याहून मोठी गोष्ट म्हणजे काम कोणतं. एका शाळेत मला पहिल्याच आठवड्यात ऑफ तासांचं, म्हणजे शिक्षक नसलेल्या वर्गांवर बसायचं वेळापत्रक हातात मिळालं. सकाळी मुलीने कानात घरची गोष्ट सांगायची आणि दुपारी मी तिच्याच वर्गात छडी नसली तरी आवाज चढवून "गप्प बसा" म्हणायचं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. करारात 'अध्यापन व पर्यवेक्षण वगळून' एवढे चार शब्द घातले असते तर भागलं असतं.

खोलीही विचारा. दार लागेल अशी, पण बाहेरून आत कोणी आहे एवढं दिसेल अशी. मला प्रयोगशाळेचा कोपरा मिळाला होता, बेडकाच्या बरणीशेजारी.

नोंदवही कुलपात ठेवायची आणि करार संपला की ती कोणाकडे जाणार, हे रुजू होतानाच ठरवा. गावात तिसऱ्या घरात नातं निघतं. लिपिक मुलाचा मामा असू शकतो. पण गुप्ततेलाही एक मर्यादा आहे आणि ती मुलाला पहिल्याच भेटीत सांगायची. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली किंवा तशी शक्यता दिसली तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. "मी तात्पुरती आहे, मुख्याध्यापक बघतील" हे उत्तर तिथे चालत नाही. मुलांच्या मदतीसाठीची चाइल्डलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलि-मानस १४४१६ हे दोन क्रमांक दारावर लावून ठेवा.

आता तो शब्द. पहिलं वर्ष संपलं आणि मला प्रमाणपत्र मिळालं ते 'सहायक शिक्षिका' म्हणून. लिपिकाकडे तोच साचा तयार होता. पुढच्या मुलाखतीत समुपदेशनाचा अनुभव शून्य धरला गेला. प्रमाणपत्रात पद 'समुपदेशक', रुजू झाल्याची आणि कार्यमुक्तीची तारीख, इयत्ता आणि कामाचं स्वरूप यायला हवं. मुलांची नावं नकोत. मजकूर स्वतःच टाइप करून न्या आणि एप्रिलच्या मध्यालाच मागा. मे उजाडला की सही करणारे कलमांच्या बागेत असतात आणि शिक्का कपाटात.