कायद्यातून गेलेला ‘हॅकिंग’ हा शब्द
खात्यातली रक्कम गेली की नागपुरातला माणूस तक्रार देताना ‘खातं हॅक झालं’ असेच सांगतो. खोलात जाऊन विचारले, तर बहुतेक वेळा असे निघते की, सीबीआयचा अधिकारी असल्याची बतावणी करणाऱ्याने व्हिडिओ कॉलवरून दटावले आणि त्या भीतीने तक्रारदाराने स्वतःच्या हातांनी पैसे दुसऱ्याच्या खात्यात वळते केले. यात संगणकाचे कोणतेही कुलूप फुटलेले नसते. तरीही तोंडी येतो तो ‘हॅक’ हाच शब्द, आणि त्याचा उगम चोरीत नाही.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आगगाडीच्या छोट्या प्रतिकृती चालवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळात १९५०च्या दशकाअखेरीस कल्पक, काहीशा आडवाटेच्या तांत्रिक करामतीला ‘हॅक’ म्हणत. यंत्र उघडून पाहण्याची खोड हीच त्यांची प्रेरणा होती. पुढे ती टेलिफोनकडे वळली. २६०० हर्ट्झचा स्वर वाजवला की लांब पल्ल्याची वाहिनी मोकळी झाल्याचा समज तिथल्या टेलिफोन यंत्रणेचा होत असे, आणि न्याहारीच्या सीरियलच्या खोक्यातून फुकट मिळणारी खेळण्यातली शिट्टी नेमका तोच स्वर काढीत असे; मग बिल न येता फोन लावता येई. फुकट फोन करणे बेकायदा होतेच. पण या मंडळींना बिल वाचवण्यापेक्षा यंत्रणेला चकवल्याचा आनंद अधिक असावा, असे वाटते.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत एका संगणकातून दुसऱ्यात जाणारा प्रोग्राम, हजारो संगणकांत पसरला. त्यातून त्याला एका पैशाचाही लाभ नव्हता, तरी १९९० साली तो दोषी ठरला. कुतूहल हा न्यायालयात बचाव होऊ शकत नाही, हे तेव्हा स्पष्ट झाले. ‘वर्म’ सुटल्यानंतर दहा वर्षांनी, १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर, निरनिराळ्या देशांतील किशोरवयीन मुलांच्या एका गटाने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत शिरकाव केला. त्यांचा हेतू अणुचाचण्यांचा निषेध हा होता.

भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. त्याच्या कलम ६६चे शीर्षकच संगणक प्रणालीचे ‘हॅकिंग’ असे होते आणि शिक्षा होती तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. मात्र २००८च्या दुरुस्तीने, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली, ते शीर्षक ‘संगणकविषयक अपराध’ असे झाले. त्याच दुरुस्तीने ओळख चोरण्यासाठी ६६सी आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयागिरी करून फसवण्यासाठी ६६डी ही कलमे आणली.

तोवर गुन्ह्याचा हेतूही पालटत चालला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसखोरी करून, बनावट कार्डांनी अनेक देशांतून काही तासांत पैसे काढून आणि काही रक्कम थेट परदेशातील खात्यात वळवून, सुमारे ९४ कोटी रुपये लंपास करण्यात आले. ही खरीखुरी हॅकिंग होती, पण तिला कौशल्य, वेळ आणि देशोदेशी माणसे लागतात. त्यापेक्षा एक फोन आणि पैसे फिरवण्यासाठी भाड्याने घेतलेली बँक खाती कितीतरी स्वस्त पडतात. ‘डिजिटल अटक’, म्हणजे सुरुवातीला सांगितल्याप्रमाणे तोतया अधिकाऱ्याने व्हिडिओ कॉलवरून अटकेची भीती घालणे, हा त्यातलाच प्रकार. अशी अटक भारतीय कायद्यात कुठेही नाही.

म्हणूनच पैसे गेल्यावर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन करण्यास सांगतात: रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता असते. तक्रारदार ‘हॅक’ म्हणत असला तरी अशा प्रकरणाला लागू पडतात ती कलमे ६६डी आणि भारतीय न्याय संहितेतील ३१८, म्हणजे फसवणूक.