हात धडाला नेमका कुठे जोडलेला आहे?

गळ्याच्या खाली मधोमध एक खळगा असतो. त्याच्या उजव्या कडेवर बोट ठेवा आणि उजवा खांदा वर-खाली करून पाहा. बोटाखाली एक गोलसर उंचवटा हलताना जाणवेल. गळपट्टीचं हाड, म्हणजे कॉलरबोन, छातीच्या मधल्या हाडाला मिळतं ते इथे. हात आणि धडाचा सांगाडा यांच्यातला, हाडाला हाड भिडलेला सांधा एवढा एकच. बाकी अख्खा हात स्नायूंनी धरून ठेवलेला आहे.

हे चटकन पटत नाही, कारण पाठीवर फऱ्याचं एवढं मोठं त्रिकोणी हाड असतं. ते बरगड्यांना कुठेतरी जोडलेलं असणार, असंच आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते एकाही बरगडीला जोडलेलं नाही. साधारण दुसऱ्या ते सातव्या बरगडीच्या मागे, स्नायूंच्या थरावर ते सरकत असतं. या एका हाडावर १७ स्नायू येऊन मिळतात. कमरेची हाडं पाठीमागे कण्याला घट्ट बांधलेली असतात, कारण धडाचा भार त्यांना पायांवर उतरवायचा असतो. गळपट्टीचं आणि फऱ्याचं हाड मिळून होणारा खांद्याचा पट्टा मात्र मागच्या बाजूला उघडाच आहे.

या मोकळेपणाचा उपयोग हात वर करताना दिसतो. हात सरळ डोक्यावर नेला, की तो सुमारे १८० अंश फिरतो. त्यातले १२० अंश दंडाचं हाड खांद्याच्या, म्हणजे फऱ्याच्या हाडावरच्याच, खोबणीत फिरल्यामुळे मिळतात. उरलेले ६० अंश फऱ्याचं हाड स्वतःच वळून देतं. म्हणजे हाताबरोबर त्याची खोबणीसुद्धा वळते. खोबणी उथळ आहे आणि तिच्यात बसणारा दंडाच्या हाडाचा गोळा तिच्या मानाने बराच मोठा. एका वेळी त्या गोळ्याचा जेमतेम एक-तृतीयांश भाग खोबणीला टेकलेला असतो. कडेने कूर्चेची गोल किनार थोडी खोली वाढवते, पण शरीरातल्या मोठ्या सांध्यांत खांदाच सर्वाधिक निखळतो, आणि बहुतेक वेळा पुढच्या बाजूला.

मग गळपट्टीच्या हाडाचं काम काय? हात छातीपासून दूर, बाजूला धरून ठेवणं. तो आडवा टेकू आहे. बैलाला किंवा घोड्याला हे हाड नसतं. त्यांचे पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी जोडलेले असतात, आणि घोड्याच्या शरीराचा निम्म्याहून जास्त भार त्या पायांवर असतो. पाय पुढे-मागे झपाझप टाकायला ही रचना उत्तम. पण बैलाला पाय बाजूला पसरून काही कवटाळता येणार नाही. मांजरीत हे हाड छोटंसं, स्नायूंतच अडकलेलं असतं. माकडं आणि वटवाघळं यांच्यात ते पूर्ण वाढलेलं असतं, तर पक्ष्यांत दोन्ही बाजूंची हाडं जुळून इंग्रजी व्हीच्या आकाराचं एकच हाड बनतं.

मला स्वतःला या हाडाचा इतिहास सर्वांत विलक्षण वाटतो. बहुतेक माशांत खांद्याचा पट्टा कवटीच्या मागच्या भागाला जोडलेला असतो. सुरमईचं डोकं खाताना कल्ल्यांच्या लगेच मागे जे वळलेलं हाड लागतं, ते त्याच पट्ट्याचं. त्यामुळे माशाला मान नसते. सुमारे ३७ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीच्या टिक्टालिक या माशात ही जोडणी सुटलेली दिसते. त्याला डोकं स्वतंत्रपणे वळवता येत होतं. त्याचे जीवाश्म २००४ मध्ये कॅनडाच्या एल्समेअर बेटावर सापडले आणि २००६ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. प्राचीन माशांच्या अंगावर त्वचेत तयार होणाऱ्या हाडांचं कवच असे, आणि आपलं गळपट्टीचं हाड त्या कुळातलं आहे. गर्भात हातापायांची लांब हाडं आधी कूर्चेची बनतात आणि मग कठीण होतात. गळपट्टीचं हाड बरंचसं थेट पातळ पडद्यासारख्या ऊतीतच तयार होतं, तेही पाचव्या-सहाव्या आठवड्यात, शरीरातल्या इतर हाडांच्या आधी.

खांद्यावर पडलं की बसणारा धक्का याच हाडातून छातीकडे जातो. छातीजवळच्या सांध्याचे अस्थिबंध इतके भक्कम आहेत, की तो सांधा सहसा निखळत नाही; त्याआधी हाड मोडतं, बहुधा मधल्या भागात, जिथे त्याचा बाक दिशा बदलतो. नेमक्या त्याच्याखालून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसांचं जाळं जातं. म्हणून डॉक्टर आधी मनगटाची नाडी आणि बोटांतली संवेदना तपासतात. पुष्कळदा हात झोळीत बांधून हे हाड जुळून येतं. फऱ्याचं हाड मात्र क्वचितच मोडतं. मोडलंच, तर आघात जबर होता असं समजून बरगड्या आणि फुप्फुसंही तपासावी लागतात.

सर्वांत आधी घडायला लागलेलं गळपट्टीचं हाड पूर्ण व्हायला मात्र सर्वांत जास्त वेळ घेतं. छातीकडचं त्याचं टोक मूळ हाडाशी पुरतं एकजीव होईपर्यंत माणसाची विशी बरीचशी उलटलेली असते. तरुण व्यक्तीच्या वयाचा अंदाज बांधताना न्यायवैद्यक तज्ज्ञ हेच टोक पाहतात.