पार्श्वभूमी: मोठी झालेली पेशी मागे फिरवण्याचा इतिहास

ठाण्यात, नवी मुंबईत हल्ली गुडघेदुखीपासून मुलांच्या ऑटिझमपर्यंत सगळ्यावर 'स्टेम सेल'च्या (ज्यांपासून शरीरातल्या दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा पेशी) जाहिराती दिसतात आणि बोलता बोलता कुणीतरी जपानी नोबेलचा दाखला देतं, म्हणून ते नोबेल कशाचं होतं आणि या इंजेक्शनांशी त्याचा संबंध किती, हे एकदा नीट लिहितो.

1950 च्या सुमारास बहुतेकांना वाटायचं की पेशी एकदा आतड्याची नाहीतर त्वचेची झाली की संपलं, भाजलेल्या भाकरीचं परत पीठ होत नाही तसं. 1952 मध्ये ब्रिग्ज आणि किंग या शास्त्रज्ञांनी केंद्रक काढलेल्या बेडकाच्या अंड्यात दुसऱ्या पेशीचं केंद्रक घालून बघितलं, अगदी कोवळ्या भ्रूणाचं चाललं पण जरा वाढलेल्याचं चालेना, त्यामुळे तो समज उलट पक्काच झाला. मग ऑक्सफर्डच्या जॉन गर्डनने बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक घेतलं, आणि त्यातून बेडकाची नवी पिल्लं तयार झाली! 1962 चा हा पेपर, पण बरीच वर्षं लोक शंकाच घेत होते, आणि सस्तन प्राण्यात हे जमायला 1996 ची अशीच बनवलेली डॉली मेंढी यावी लागली. तिच्यासाठी 277 अंडी वापरली आणि एकच कोकरू जगलं.

म्हणजे अंड्यात असं काहीतरी असतं जे जुन्या केंद्रकाला परत सुरुवातीला नेतं, पण ते नक्की काय?

जपानमधल्या क्योटोचे शिन्या यामानाका मुळात ऑर्थोपेडिक्सचे डॉक्टर, नंतर संशोधनात आले. भ्रूणाच्या स्टेम सेलमध्ये महत्त्वाची वाटणारी 24 जीन्स त्यांनी निवडली. एकेकटं घालून काही होईना, मग त्यांचा सहकारी काझुतोशी ताकाहाशीने सगळी 24 एकदम उंदराच्या पेशींत घातली आणि जमलं, त्या पेशी भ्रूणाच्या स्टेम सेलसारख्या झाल्या, मग दरवेळी एकेक वगळून बघत बघत शेवटी चारच उरली: ऑक्ट3/4, सॉक्स2, केएलएफ4 आणि सी-मिक. मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सगळ्यात आवडतो, इतका मोठा प्रश्न आणि पद्धत किती साधी. 2006 ला उंदीर, 2007 ला माणूस, 2012 ला गर्डनसोबत नोबेल. आधी अशा पेशी मिळवायला भ्रूण नष्ट करावा लागायचा, तो वादही त्यामुळे बराच मागे पडला.

पण त्या चारातलं सी-मिक कॅन्सरशी जोडलेलं जीन आहे, आणि सुरुवातीच्या प्रयोगांत या पेशींपासून वाढलेल्या बऱ्याच उंदरांना गाठी आल्या. म्हणूनच पुढचं सगळं हळू चाललंय. सप्टेंबर 2014 मध्ये जपानमधल्याच कोबेला एका वयस्कर बाईंच्या डोळ्यात त्यांच्याच त्वचेच्या पेशी अशा मागे फिरवून बनवलेला पडद्याच्या पेशींचा थर बसवला, तो टिकला, नजर सुधारली नाही पण आणखी बिघडलीही नाही. दुसऱ्या पेशंटच्या पेशींत म्युटेशन (जीन्समधले बदल) सापडली तर त्यांनी सरळ थांबवलं. याच पेशींची क्योटोची पार्किन्सनवरची ट्रायल 2018 ला सुरू झाली, 2025 मध्ये निकाल आला, पेशंट फक्त सात.

आता आपल्याकडचं. क्लिनिकमध्ये कमरेच्या हाडातला मगज किंवा पोटाची चरबी काढून त्यातल्या पेशी टोचतात, त्या मागे फिरवलेल्या नसतातच, त्यामुळे यामानाकांचं काम इथे लागूच होत नाही. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटाचं कॅन्सर केंद्र) ब्लड कॅन्सरसाठी बोनमॅरो ट्रान्सप्लांट होतात ती गोष्ट वेगळी, त्यात रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल वापरतात आणि त्यामागे कित्येक दशकांचा अनुभव आहे, 1983 मध्ये परळच्या टाटा हॉस्पिटलने भारतातलं पहिलं केलं होतं. आयसीएमआरच्या (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या नियमांत रक्ताच्या ठराविक आजारांसाठीचं हे ट्रान्सप्लांटच मान्य उपचार आहे, बाकी सगळं ट्रायलमध्येच करायचं. त्यामुळे घरातल्या कुणाला असा उपचार सुचवला आणि 'ट्रायल आहे' म्हणाले तर सीटीआरआयचा (भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी नंबर मागा, आणि ट्रायलसाठी पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत हेही तिथेच सांगा.